दोन चिरा

वाशिमला रानसामानाचं प्रदर्शन लागलं तेव्हा तुरी खळ्यावर आल्या होत्या. रिठदच्या शेतकरी गटाचे अध्यक्ष मारोतराव यांनी चार माणसांत उभं राहून जाहीर केलं, "औंदा जागल्यायले उघडं नाही बसू देनार. बॅटऱ्या घेऊ, बूट घेऊ, कंपनीचे घडीचे चाकू घेऊ. गटाचा ठराव झाला." मग बोट करून म्हणाले, "देवमन, तू संगं चाल. मले चाकूतलं काय समजते? म्या चाकू फक्त नातवाच्या केकावर पाह्यला."

सगळे हसले. देवमन पडघानही हसला. सगळे हसत असताना जो हसत नाही त्याच्याकडे लोक बघतात, आणि देवमनला चार वर्षांपासून कोणी निरखून बघितलेलं सोसत नव्हतं.

देवमन म्हणजे गावातला सगळ्यांत जुना जागल्या. पीक दाण्यात आलं की रानडुकरं आणि रोही शिवारात उतरतात. तेव्हा मचाणावर बसून हाळ्या द्यायच्या, डबा बडवायचा, बॅटरी फिरवायची, पीक राखायचं. त्याच्या आधी हेच काम त्याचा बाप ग्यानबा करायचा. ग्यानबाचं नाव पंचक्रोशीत होतं ते मात्र वेगळ्याच कारणानं. एकदा उकंडराव नावाच्या शेतकऱ्याला बांधावर साप चावला. ग्यानबानं कमरेचा घडीचा चाकू काढला, चावल्या जागी दोन चिरा दिल्या, एक उभी, एक आडवी, रक्त पिळून काढलं, आणि उकंडराव जगले. तेव्हापासून रिठदचा जागल्या घडीच्या चाकूशिवाय रानात पाऊल टाकत नाही. तो चाकू काही सोलायला-कापायला नसतो. तो त्या दोन चिरांसाठी असतो. बापाचा आवाज लेकाच्या गळ्यात उतरतो, बापाची चाल लेकाच्या पायात उतरते, तशा त्या दोन चिरा देवमनच्या हातात उतरल्या होत्या.

प्रदर्शनाला बेबीताईही निघाली. बेबीताई देवमनची बायको, बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष, निंदणाला जाणाऱ्या चाळीस बायांची पुढारीण. तिनं मारोतरावांना तोंडावर विचारलं होतं, "जागल्यायलेच काहून? साप काय मानूस पाहून चावते? बायाइचे हात त दिसभर गवतात राह्यतात." मारोतरावांनी दोन्ही कान धरले होते. "चुकलं वं माय. तूही चाल."

मारोतराव मोटारसायकलीवर पुढं गेले. नवरा-बायको यष्टीनं निघाले.

रिठद मागं पडलं की डाव्या हाताला एक धुरा, शेताचा बांध, लागतो. धुऱ्यावर बोरीचं एकटं झाड. ती जागा आली की बेबीताई डोळे मिटून घ्यायची. आजही मिटले. देवमननं समोरच्या सीटच्या गजाला घट्ट धरलं. यष्टी पुढं गेली. बेबीताईनं डोळे उघडले.

त्या बोरीखाली त्यांची धम्मदीपा परड चावून गेली होती. पुस्तकातली माणसं ज्याला घोणस म्हणतात तो साप, इकडे परड. एकुलती लेक, पंधरा वर्षांची, दोन वेण्या, दहावीचं दप्तर. सोयाबीन काढणीचे दिवस होते. देवमन दुपारपासून रानात. बेबीताईचे हात पिठात. दिवस कलताना तिनं लेकीला हाक मारली, "धम्मे, बाबाले शिदोरी देऊन ये वं, दिस हाय तवरक." लेक गेली ती गेलीच.

बेबीताईच्या तोंडात आईकडून आलेल्या ओव्या होत्या, भावाच्या, बुद्धाच्या, बाबासाहेबांच्या. लेक गेल्यावर तिनं एक स्वतःची बांधली. निंदणाच्या ओळीत वाकली की ती ओवी तिच्या तोंडून आपोआप निघायची, आणि ओळीतल्या बायांची खुरपी हळू व्हायची.

दिस बुडता धाडली, शिदोरी गं डोईवर
म्याच लेक ठेवली वं, परडाच्या वाटेवर

चार वर्षं. निंदणाला, डवरणीला, कापूस वेचताना. कोणी म्हणायचं, "ताई, तुमचा काय दोष?" ती मान हलवायची आणि पुन्हा तेच म्हणायची. म्याच ठेवली. म्याच ठेवली.

देवमन धुऱ्यावर बसून ऐकायचा.

बेबीताईला जे ठाऊक नव्हतं ते असं. चावा घोट्याच्या खाली होता. धम्मी ओरडलीसुद्धा नाही. "बाबा, काहीतरी टोचलं," एवढंच म्हणाली. देवमननं परड गवतात शिरताना पाहिला, अंगावरची साखळीसारखी नक्षी ओळखली. त्यानं शेला फाडून पोरीची पोटरी आवळून बांधली, तिला बोरीच्या बुडाशी टेकवून बसवलं आणि चाकू उघडला. एक उभी, एक आडवी. मग तो पिळत बसला. आधी काळं रक्त येते, मग लाल येते, लाल आलं की इख निघालं समज, असं ग्यानबा सांगायचा. धम्मीचं रक्त पहिल्यापासून लालच होतं, आणि ते थांबत नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका बाजूला घेतलं. परडाचं विष रक्ताला गोठू देत नाही, त्या म्हणाल्या. चावा दोन टाचण्यांएवढा होता. मग ह्या खोल जखमा कोणी केल्या? देवमननं बापाचं सांगितलं, उकंडरावांचं सांगितलं. त्या बाई म्हणाल्या, त्यांना बिनविषारी साप चावला असेल, काका. काहीच केलं नसतं तरी ते जगले असते.

बेबीताई पोचली तेव्हा लेकीच्या पायाला पांढरी पट्टी होती. "काय झालं जी?" तिनं विचारलं. "परड होता," देवमन म्हणाला, "लय इखारी." कागदावर सर्पदंश असं लिहून आलं. ते काही खोटं नव्हतं.

चाकू त्याच्या शर्टाच्या खिशातच राहिला होता. बेबीताईनं कपडे धुताना तो काढला, राखेनं घासला आणि चुलीमागच्या फळीवर ठेवला. अजूनही ती त्याच चाकूनं लसूण सोलते, मेथी चिरते. देवमन जेवायला बसतो. घास गिळतो.

*

प्रदर्शनाचा मांडव भला मोठा होता. लोखंडी खांब, वर पांढरं कापड, आत गल्ल्या पाडलेल्या. तंबू, डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या, गुडघ्यापर्यंतचे बूट, पाठीवरच्या पाण्याच्या पिशव्या. मोठ्या शहरांतले डोंगर चढणारे लोक जे हौसेनं घेतात, ते इकडे पोटासाठी रानात बसणाऱ्याला खपवता येईल का, हे चाचपायला कंपन्या आल्या होत्या. अकोल्याचे, हिंगोलीचे दुकानदार वह्या घेऊन गाळ्यागाळ्यांतून फिरत होते.

बॅटऱ्या झाल्या, बूट झाले. मारोतरावांनी बूट घालून चार पावलं टाकून दाखवली, तेव्हा बेबीताई म्हणाली, "नवरदेव दिसता भाऊ. घोडा तेवढा राह्यला." मग तिघं चाकूंच्या गाळ्यासमोर आले.

काळ्या मखमलीवर नवे घडीचे चाकू ओळीनं मांडले होते. नारिंगी मुठीचे, राखी मुठीचे, काही मिटलेले, काही अर्धे उघडे, बगळ्यानं मान बाहेर काढावी तसे. एकाच्या पात्याला करवतीचे दात, एकाच्या मुठीत शिट्टी, एक पानासारखा पातळ. गाळ्यावर कंपनीचा काळा सदरा घातलेला विक्रेता होता. हरीओम त्याचं नाव, कारंज्याचा. बोलताना शहरी मराठी लावायचा, पण घाईत कारंजा बाहेर पडायचं.

"काका, हे पाहा. अंगठा लावला की उघडलं." खट् आवाज झाला. "आता हे मिटत नाही, लॉक बसलं. जुन्या चाकूवर जोर दिला की पातं बोटावर यायचं. हे येणार नाही."

मारोतराव म्हणाले, "माह्या घरच्या मानसाची जीभ अशीच उघडते, खट्. मिटाचा खटकाच नाही."

"सांगू काय घरी?" बेबीताईनं विचारलं.

"नोको वं माय. संध्याकाळची भाकर जाईन."

देवमननं एक चाकू उचलला. त्याच्या हाताला तो आवडला. वजन बरोबर मधोमध, मूठ तळव्यात बसणारी, पात्याची धार पाण्याच्या रेषेसारखी. हाताला आवडलं म्हणून त्याला हाताचाच राग आला. त्यानं चाकू खाली ठेवला.

"आता हे खास तुमच्या भागासाठी," हरीओम म्हणाला, आणि त्यानं फळीखालून एक रबरी पाय काढून मखमलीवर ठेवला.

गुडघ्यापासून तळव्यापर्यंतचा पाय. मातकट रंगाचा. घोट्याखाली दोन लाल ठिपके. सकाळपासून शिकून गेलेल्या लोकांनी त्या ठिपक्यांभोवतीचं रबर चिरून चिरून त्याच्या चिंध्या केल्या होत्या.

"साप चावल्यावरचा संच. ह्यात आखूड पात्याचा घडीचा चाकू, दोरी, आणि हा ओढायचा पंप. चावलं की वर दोरी आवळायची. दोन चिरा द्यायच्या, उभी आणि आडवी. पंप लावायचा. विष बाहेर. कार्डावर चित्रं काढून दिली आहेत, अंगठेबहाद्दरालेही समजते."

बेबीताईनं तो संच दोन्ही हातांत घेतला. डबी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

"एवढुसं हाय हे," ती म्हणाली. "खिशात मावते. हे असतं न त्या दिवशी, माही धम्मी वाचली असती."

मारोतरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग हरीओमला म्हणाले, "तीस लिहा. बारा जागल्यायचे, बाकी बायाइच्या टोळ्याइचे."

तीस चाकू. तीस हात. कोणाकोणाच्या लेकी, कोणाकोणाच्या सुना.

"पातं हलकं हाय," तो म्हणाला. "गंजते हे."

"गंजत नाही काका. लिहून देतो."

"दोरी कच्ची हाय."

"ह्या दोरीले म्हैस बांधा. म्हैस सुटली त मले बांधा."

"पंप टिकनार नाही."

मारोतराव हसले. "अबे देवमन, तू गिऱ्हाईक हाय का सासू? प्रत्येक गोष्टीत खोड!"

देवमन फळीवर वाकला. हरीओमच्या कानाजवळ जाऊन हळू म्हणाला, "भाऊ, हे असं नोका सांगू लोकायले. चिरा नाही द्याच्या."

"काहून?" हरीओमचं कारंजं बाहेर आलं. "कंपनीनं छापलं हाय काका. माह्या मामालेही अशाच देल्या होत्या. ठणठणीत हाय मामा."

तोवर बेबीताईनं पदर खोचला होता. "मले शिकवा," ती म्हणाली. "मी बायाइले शिकवीन."

हरीओमनं तिच्या हातात चाकू दिला. खट् आवाज झाला. बेबीताईनं डाव्या हातानं रबरी घोटा धरला, आजारी माणसाचा धरावा तसा, दुखणार नाही असा. उभी चीर दिली.

"वरवर नका देऊ मावशी. खोल. भीती वाटली की विष आतच राहते."

तिनं पुन्हा दिली, खोल. मग आडवी. रबराचं आतलं पांढरं दिसलं. तिनं मान वर करून देवमनकडे पाहिलं. "अशीच न जी? बुवाची रीत अशीच होती न?" ग्यानबाला ती बुवा म्हणायची.

देवमननं त्या पांढऱ्या चिरेवरून नजर काढली.

"अरे, ह्याच्या बापानं उकंडराव वाचोला!" मारोतरावांनी आजूबाजूच्या दुकानदारांना हाळी दिली. "अशाच दोन चिरा! पंप ना बिंप! देवमन, दाखव बरं ह्यायले. रिठदची विद्या हाय म्हना."

वह्या घेतलेले चार-पाच जण वळले. आणखी काही आले. हरीओमला आयतीच जाहिरात मिळाली. "या काका, या!" त्यानं बेबीताईच्या हातातला चाकू घेऊन मूठ पुढं करत देवमनच्या हातात दिला. लोकांनी जागा करून दिली. रबरी पाय देवमनच्या पुढ्यात सरकवला गेला.

गप्प राहता आलं असतं. रबराला दोन चिरा द्यायच्या, लोकांनी वा वा म्हणायचं, तीस संच गाडीत टाकायचे. बेबी आयुष्यभर म्याच ठेवली, म्याच ठेवली म्हणत राहिली असती, आणि तो ऐकत राहिला असता. चार वर्षं जमलं ते पुढंही जमलं असतं. त्यानं आधी चाकू मिटायला बघितला. जुना चाकू मांडीवर दाबला की मिटायचा. हा मिटेना. लॉक कुठं होतं ते त्याच्या बोटांना सापडेना. उघडं पातं हातात घेऊन तो उभा राहिला.

"चिरा नाही द्याच्या," तो म्हणाला. आवाज मोठा निघाला. "म्या देल्या होत्या."

"कोनाले बे?" मारोतरावांनी विचारलं. त्यांच्या तोंडावर अजून हसू होतं.

"धम्मीले."

बेबीताईचा डावा हात अजून रबरी घोट्यावर होता. तो तिथंच राहिला. हरीओमनं हात लांबवून देवमनच्या बोटांतून चाकू अलगद काढून घेतला आणि मिटला.

"कुठं?" बेबीताईनं विचारलं.

"पायाले."

"पट्टी होती तिथं?"

"हो."

"थे परडाचं नव्हतं?"

"परडाचे दोन टिपके होते. बाकी माहं."

दुकानदारांतला एक जण वही मिटून हळूच मागं सरला. बाकीचे हलले नाहीत.

"मंग?"

"मंग रक्त थांबलं नाही. परडाच्या इखानं रक्त गोठत नाही, बेबी. म्या वाटा करून देल्या. म्या पिळत बसलो. बुढा म्हने काळं येईन, मंग लाल येईन. लालच येऊन राह्यलं होतं."

"धम्मी काय म्हने?" बेबीताईचे डोळे कोरडे होते. ती विचारत होती, बाजारात भाव विचारावा तशी सरळ, एकामागून एक, आणि देवमनला वाटलं की ती रडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा दुखते म्हने. म्या म्हटलं, दुखू दे, इख निंघून राह्यलं."

"अजून?"

"चप्पल तुटली म्हने. आई रागावीन म्हने. आईले नोका सांगू म्हने."

बेबीताईनं घोट्यावरचा हात उचलला. बोटांकडे पाहिलं. पदराला पुसली. मग ती वळली आणि गल्लीतून चालू लागली, लोक बाजूला होत गेले.

मारोतरावांनी रबरी पाय उचलून फळीखाली ढकलला. "संच खोडा," ते हरीओमला म्हणाले. "एकही नोको. अन् हे सांगनं बंद कर, पोरा."

"हो काका," हरीओम म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मले काय मालूम. मले जे पाठ करून देलं ते मी..."

देवमन बायकोच्या मागं निघाला. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत गाळ्यावर दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. मागून हरीओमचा आवाज आला, जरा पडलेला, पण पाठ केलेला: "चावलं की वर दोरी आवळायची. दोन चिरा..."

*

बस स्टँडवर बेबीताई बाकड्याच्या एका टोकाला बसली होती. देवमन दुसऱ्या टोकाला बसला. मध्ये कोणाची तरी भाजीची पिशवी होती. पिशवीवाली बाई उठून गेली तरी ती जागा तशीच राहिली.

बऱ्याच वेळानं बेबीताई बोलली. समोरच्या फलाटाकडे पाहत.

"कापलं त्याचं मी काय म्हनू. तुमाले थेच शिकोलं होतं. मीही आता रबराले थेच करून आली."

देवमननं मान खाली घातली.

"पन मी चार वर्सं गाऊन राह्यली," ती म्हणाली. "बायाइसमोर. साऱ्या शिवारासमोर. म्याच मारली म्हनून गाऊन राह्यली. अन् तुमी धुऱ्यावर बसून ऐकत होते. एका दिसीही तुमाले वाटलं नाही, का ह्या बाईचं तोंड धरावं?"

वाटलं होतं. रोज वाटलं होतं. पण ते सांगून काय होणार होतं? वाटलं आणि केलं नाही, हे न वाटण्याहून वाईट.

यष्टी आली. बेबीताई पुढं महिलांच्या सीटवर बसली, तो मागं. कंडक्टर ओळखीचा होता, ह्याच रस्त्याचा. तिकिटाचं यंत्र सरसावत म्हणाला, "रिठद. एक हाफ, एक फुल. बरोबर न ताई?"

"माहं हाफ द्या," बेबीताई म्हणाली. "त्यायचं त्यायले इचारा."

धुरा आला तेव्हा देवमननं मागून तिच्या डोक्याकडे पाहिलं. मान वळलेली होती, खिडकीकडे. ती बोरीकडे पाहत होती, आणि बोर नजरेआड झाली तरी तिनं मान पुढं केली नाही.

रिठदच्या थांब्यावर उजेड अजून होता. तुरीच्या खळ्यांची धूळ हवेत तरंगत होती. निंदणाच्या पंधरा-वीस बाया ताईची वाट पाहत थांबल्या होत्या. कोणाच्या डोईवर चारा, कोणाच्या कडेवर लेकरू. पुढं रुख्मिणी होती. तिचा नवराही जागल्या, आणि त्याच्याही कमरेला घडीचा चाकू.

"ताई, आनले काय चाकू? दाखवा न वं," रुख्मिणी म्हणाली. "आमच्या घरी त दोन दिसापासून थेच चालू हाय. नवा येऊ दे, जुना तुले कांदे चिराले देतो म्हनते."

दोघी-तिघी हसल्या.

"नाही आनले," बेबीताई म्हणाली. "काहून नाही आनले थे हे सांगतात."

तिनं देवमनला विचारलं नव्हतं. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. नुसती बाजूला सरली, आणि बायांच्या समोर तो एकटा उरला. ज्यांच्या ओळीत ती ओवी गायली गेली होती, ज्यांची खुरपी हळू झाली होती, त्या सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या.

देवमननं सांगितलं. गाळ्यावर सांगितलं त्याहून सावकाश. बोर, शेला, चाकू, उभी, आडवी. लाल रक्त. मध्येच एका बाईनं तोंडाला पदर लावला. एकीनं कडेवरचं लेकरू खाली ठेवलं, पुन्हा उचललं. रुख्मिणी आधी बेबीताईकडे पाहत होती, मग देवमनकडे, आणि तिच्या तोंडावर जे आलं होतं ते पुढची कित्येक वर्षं गावाच्या तोंडावर असणार, हे त्याला दिसलं.

"मंग चावल्यावर कराचं काय, दादा?" तिनं विचारलं. दादा म्हणताना ती अडखळली.

"कापाचं नाही. आवळून बांधाचं नाही. इख चोखाचं नाही. पाय हलू द्याचा नाही, चालू त बिलकुल द्याचं नाही. उचलाचं अन् सीधं मोठ्या दवाखान्यात न्याचं. तिथं सापाचं इंजेक्शन राह्यते."

"पन वाशिम काय जवळ हाय? तेवढ्या येळात मानूस टिकते काय?"

बेबीताईची मान वर झाली. प्रदर्शनातून निघाल्यापासून पहिल्यांदा तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. हे तिनं विचारलं नव्हतं. एवढं सगळं विचारलं, पण हे नव्हतं विचारलं.

देवमनला म्हणता आलं असतं, मले मालूम नाही.

"टिकते," तो म्हणाला. "डॉक्टरीनबाई म्हने, सीधी आनली असती त पोरगी टिकली असती. पाऊन तास म्या तिले बोरीखाली बसोली."

खळ्यावरचं मळणीयंत्र चालू होतं, त्याची घरघर तेवढी येत होती. बेबीताई उभी होती तिथंच खाली बसली, मातीत, पाय पोटाशी घेऊन. दोन बाया तिच्याकडे धावल्या. तिनं हातानंच त्यांना थांबवलं.

टोळीतली मागं राहिलेली नीलिमा रस्त्यानं घाईघाईनं येत होती, डोईवरचा भारा सावरत. "काय झालं वं? काय झालं?"

बेबीताईनं खालूनच देवमनकडे पाहिलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, आणि चार माणसांत तिनं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "हिनं ऐकलं नाही."